नकाशावरचे लाल ठिपके

लालबागच्या मच्छीबाजारात मला ‘बाला’ म्हणणारी एक बाई होती. बाई अजून आहे, तिथेच बसते, तिच्या त्याच निळ्या पिंपाशेजारी. पण आता ती मला ‘साहेब’ म्हणते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणी बाळ म्हणेनासं झालं तर त्यात एवढं काय, असं माझी बायको म्हणते. तिला सगळं ठाऊक आहे, तरी म्हणते. रविवारी बाजारातून आल्यावर मी पिशवी ओट्यावर ठेवतो आणि गप्प बसून राहतो, ते तिला बघवत नाही.

मी काम काय करतो ते आधी सांगतो, कारण झालं ते त्या कामातूनच झालं. समुद्रात जहाजाचं किंवा माल वाहणाऱ्या सपाट बार्जचं तेल सांडलं, की ते कुठे वाहत जाईल हे सांगायचं, हे माझं काम. बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. फोन येतो: कुठे सांडलं, किती, कसलं तेल. मग भरती-ओहोटीचा प्रवाह आणि वारा कॉम्प्युटरमध्ये घालायचा. कॉम्प्युटर त्या जागी शेकडो ठिपके टाकतो. एकेक ठिपका म्हणजे तेलाचा एकेक तवंग समजा. ते सगळे प्रवाहाबरोबर वाहतात आणि वाराही त्यांना थोडा थोडा ढकलत राहतो. काही तासांनी ते कुठल्या किनाऱ्याला जाऊन चिकटतात ते बघायचं, नकाशा करायचा आणि पाठवायचा. त्या नकाशावरून बाकीचे धावतात. होड्या कुठे न्यायच्या, बूम कुठे पसरायचं ते ठरतं. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारं कुंपण. तेल त्याला अडतं.

ठिपके दोन रंगांचे असतात. काळे म्हणजे आमचा सगळ्यात चांगला अंदाज. लाल म्हणजे तो अंदाज चुकला तर काय. वारा उशिरा फिरला तर, प्रवाह जास्त जोरात निघाला तर, तेल आम्हाला सांगितलं त्यापेक्षा तासभर आधीच सांडलेलं असलं तर. काळे ठिपके एका ठिकाणी गोळा होतात, लाल मात्र चहूकडे पांगतात. या लाल ठिपक्यांमागच्या विचाराला आमच्या धंद्यात एक इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ होतो ‘कमीत कमी पश्चात्ताप’. तेल येण्याची शक्यता थोडी, पण आलं तर नुकसान मोठं, अशा जागेवरच्या माणसालाही आधी सांगून ठेवायचं. नाही आलं तर त्याचा एक दिवस फुकट जाईल, एवढंच.

हे मी नवीन येणाऱ्या मुलामुलींना कितीतरी वर्षं शिकवत आलो आहे.

आणि इतकी वर्षं आमच्या ऑफिसातून लाल ठिपके कधी बाहेर गेले नव्हते, हेही तितकंच खरं आहे. त्याची सुरुवात एका सरावात झाली. खोटं तेल, खोटी गळती, पण माणसं खरी जमलेली. मी पडद्यावर दोन्ही रंगांचा नकाशा दाखवला. बूम घेऊन जाणाऱ्या पथकाचे एक अधिकारी होते, ते म्हणाले, “हे काय हो? बंदराला गोवर आलाय का?”

सगळे हसले. मीही हसलो.

“अहो, माझ्याकडे बूम आहे एका खाडीच्या तोंडापुरतं,” ते म्हणाले. “तुम्ही सात खाड्या दाखवताय. मी काय करू, कात्रीने कापून वाटू?”

नंतर चहा पिताना आमचे साहेब मला म्हणाले, “त्यांचं चुकलं नाही रे. त्यांना एक जागा लागते. लाल आपल्यापाशी असू दे. आपण बघायचं, त्यांना दाखवायचं नाही.”

तेव्हापासून ती रीत पडली. ऑफिसात दोन्ही रंग, बाहेर जाणाऱ्या नकाशात फक्त काळा. त्याला आम्ही ‘स्वच्छ नकाशा’ म्हणायला लागलो. साहेबांवर ढकलून मला मोकळं होता येत नाही, कारण मला ते मनातून आवडलं होतं. शाळेत असताना भूमितीच्या वहीत मी कंपासने काढलेले कंस खोडून टाकायचो आणि नुसता त्रिकोण ठेवायचो. बाई मार्क कापायच्या. म्हणायच्या, “कच्च्या रेषा पुसायच्या नसतात, त्यावरून तर कळतं तू कसा पोचलास.” मी पुढच्या वेळी पुन्हा पुसायचो. माझी आई मालवणकडची, परळच्या चाळीत पन्नास वर्षं राहूनही तिची बोली सुटली नाही. ती शेजारणींना माझ्याबद्दल सांगायची, “ह्यो खोटा बोलाचो नाय. पण पुरा खरा पण सांगाचो नाय.” मी ते कौतुक समजत होतो.

आईमुळेच मच्छीवाल्या मावशीची ओळख. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून आई तिच्याकडून मासे घ्यायची. करंदी, म्हणजे ती बारीक कोळंबी, आली की मावशी आमचा वाटा बाजूला काढून ठेवायची. आई गेली, तरी वाटा निघतच राहिला. मावशी शिवडीच्या पुढच्या एका कोळीवाड्यातली. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आणखी चर्चा नको आहे. खाडीच्या तोंडाशी त्यांच्या खुंटांना बांधलेली जाळी असतात. मावशीच्या तोंडी ‘ळ’ नाही. मी बाला, जाळं म्हणजे जालं. मी कुठे काम करतो ते तिला माहीत होतं आणि तिला त्याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. बाजूला बसणाऱ्या बायकांना सांगायची, “आमचा बाला समुद्राचा डाक्टर हाय.”

तो फेब्रुवारीचा शेवट होता. त्या रविवारी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती वैतागलेली होती.

“दोन दिस झाले, समुद्राचा वारा येत नाय वेलेवर,” ती म्हणाली. “अकराला यायचा तो दोनला येतो. बघ, बरफाचं पानी झालं. सगला माल नरम पडला. काय रे, तुमच्या मशीनला कलतं का हे?”

“मशीनला सगळं कळतं, मावशी.”

“मंग सांग ना वाऱ्याला, लवकर ये म्हनून.”

आम्ही दोघं हसलो. तिने मांदेली दिली. मी घरी आलो.

मुंबईत राहणाऱ्याला हे दिवस ठाऊक असतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, आपल्याकडे तो पूर्वेकडून येतो. ऊन चढलं की तो पडतो आणि पश्चिमेकडून समुद्राचा गार वारा सुटतो. पण थंडी संपताना मधेच दोन-चार दिवस असे येतात की पूर्वेचा वारा हटत नाही, दुपारपर्यंत शहर भाजून निघतं. मला हे पुस्तकातूनही माहीत होतं, अंगावरच्या घामावरूनही, आणि मावशीने तर बर्फ दाखवून सांगितलं होतं.

मंगळवारी पहाटे बंदरात नांगरलेल्या एका बार्जच्या तळाला चीर पडली आणि फर्नेस ऑइल गळायला लागलं. फर्नेस ऑइल म्हणजे जाड, डांबरासारखं काळं तेल. लागलं की निघत नाही. मला सहाला फोन आला, सातला मी खुर्चीवर होतो. ओहोटी संपत आली होती. आठच्या सुमाराला पाणी थांबणार आणि मग दुपारी दोनपर्यंत भरती. पावणेआठला माझा नकाशा तयार झाला.

काळे ठिपके सांगत होते: भरतीबरोबर तेल बंदरात वर सरकेल, अकराच्या आसपास पश्चिमेचा वारा सुटेल आणि तो तेलाला पलीकडच्या, पूर्वेच्या किनाऱ्याकडे ढकलेल. लाल ठिपके म्हणत होते: पूर्वेचा वारा टिकला तर तेल आपल्या बाजूला, पश्चिमेच्या किनाऱ्याला दाबलं जाईल. लाल ठिपक्यांचा एक दाट पुंजका मावशीच्या खाडीच्या तोंडात होता. एखाददुसरा ठिपका नव्हे, पुंजका. तो मी पाहिला. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

साहेब मागे उभे होते. “झालं का? ते लोक निघायला थांबलेत.”

“झालंच,” मी म्हणालो, लाल रंग बंद केला आणि नकाशा पाठवला.

पाच मिनिटांत फोन वाजला. मावशी. तिच्यामागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

“बाला, तेल सांडलं म्हंतात. आमच्याकडं येल का रं? पोरगा इचारतो. पानी थांबलंय आता, जाली काढायची तं आत्ताच काढायला पायजेत. एकदा पानी चढायला लागलं तं नाय निघनार.”

माझ्यासमोर पडद्यावर स्वच्छ नकाशा होता. साहेब तिथेच उभे होते. मी जर म्हटलं असतं, मावशी, बहुतेक नाही येणार, पण येऊही शकतं, तुम्ही काढून ठेवा, तर ते अर्ध्या तासात सगळ्या किनाऱ्यावर झालं असतं. ऑफिसचा नकाशा एक सांगतो आणि ऑफिसचा माणूस दुसरं, असं कुणीतरी विचारलं असतं. हे सगळं मनात यायला मला दोन सेकंदही लागले नसतील.

“नाही येणार, मावशी,” मी म्हणालो. “पलीकडे जाणार. निवांत राहा.”

“बघ हां.”

“हो हो.”

तिने फोन बंद करायच्या आधी मला ऐकू आलं, ती कुणाला तरी ओरडून सांगत होती, “राहू द्या रे! बाला म्हंतो नाय येत!”

पुढचे तास मी कसे काढले ते सांगतो. माझ्या टेबलाजवळची खिडकी पूर्वेला, बंदराकडे उघडते. सकाळी तिच्यातून वारा येतो आणि टेबलावरचे कागद उडतात, म्हणून मी त्यांच्यावर पंचिंग मशीन ठेवतो. रोज अकराच्या सुमाराला कागद आपोआप निजतात, कारण वारा फिरून इमारतीच्या पाठीमागून यायला लागतो. त्या दिवशी मी पडद्याकडे कमी आणि कागदांकडे जास्त पाहत होतो. दहा वाजले, कागद फडफडत होते. साडेदहा. अकरा. मी उठून खिडकीशी गेलो, वारा तोंडावर आला, कोमट. चहावाला कप ठेवून गेला, त्यावर साय धरली.

सव्वाअकराला मी फोन हातात घेतला. पण पाणी आता जोरात चढत होतं, जाळी निघण्यासारखी राहिली नव्हती. आता सांगून त्यांना काही करता येणार नव्हतं. फक्त मला सांगितल्याचं समाधान मिळालं असतं. मी फोन खाली ठेवला. तेव्हा मला हा विचार बरोबर वाटला होता. आज वाटतं, निदान त्या माणसांनी होड्या तरी बाजूला घेतल्या असत्या.

मी नवा वारा घालून पुन्हा ठिपके सोडले. आता काळे ठिपकेच खाडीकडे वळले होते. साहेबांना दाखवलं. त्यांनी फोन लावला. बूम पलीकडच्या किनाऱ्याला पसरून झालं होतं. ते गुंडाळून, होड्यांवर चढवून अलीकडे आणायला तीन तास लागणार होते. एक वाजता तेल मावशीच्या खाडीत शिरलं. माझे कागद दोन वाजून दहा मिनिटांनी निजले.

पुढच्या आठवड्यात आढावा बैठक झाली. साहेबांनी टिपण वाचून दाखवलं. त्यात ‘वाऱ्याच्या अनपेक्षित वर्तनामुळे’ असे शब्द होते. एका बाईंनी विचारलं, “या खाडीला धोका आहे असं कुठेच दिसत नव्हतं?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठवलेल्या नकाशाची प्रत उचलली आणि म्हणालो, “या नकाशात नव्हतं.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या आईला ते वाक्य लगेच ओळखू आलं असतं.

त्या रविवारी मी बाजारात गेलो नाही. त्यापुढच्या रविवारी गेलो. मावशीची पाटी निम्मी होती आणि तोही माल ससून डॉकवरून विकत आणलेला. मी समोर उभा राहिलो.

“काय रे, तोंड कशाला पाडतोस?” तीच म्हणाली. “जाली गेली. धुवून निघायची नाय, असलं तेल ते. गोला करून ठेवलीत भिंतीला. तू काय करशील? वाऱ्यानं फसवला तुला.”

“कोळीवाड्यात लोक काय म्हणतात?”

“म्हननारच. घरोघरी मीच फिरले ना, राहू द्या म्हनून सांगत. आता पानी भरायला गेले तं बाया म्हंतात, जा, तुज्या साहेबाला इचार जाली कुठं धुवायची.” ती हसली, पण कोयत्यावरचा हात थांबला. “मी सांगितलं त्यांना. माजा बाला खोटा नाय बोलनार. त्याला म्हायीत असता तं त्यानं सांगितलं असता.”

मी काही न घेता निघालो. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, की पिशवी तिच्यापाशीच राहिली आहे. परत जायचा धीर झाला नाही. आमच्या टिपणात जे खोटं नीट इस्त्री करून ठेवलं होतं, तेच ही बाई माझ्यासाठी स्वतःच्या माणसांशी भांडून खरं म्हणून सांगत होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने मासे ठेवायचं भांडं परत फळीवर ठेवलं. मग म्हणाली, “तिला सांग. नाहीतर तिच्याकडचा मासा या घरात आणू नकोस.”

सोमवारी मी त्या दिवशीचा नकाशा दोन्ही रंगांत छापून घेतला. कोपऱ्यात वेळ होती, सात वाजून त्रेचाळीस मिनिटं. आठवडाभर तो माझ्या बॅगेत होता. रविवारी गिऱ्हाईक नाही असं बघून मी तो मावशीपुढे धरला.

“हे काय?”

“हे पाणी. हा आपला किनारा. ही तुमची खाडी.”

तिने हात लुगड्याला पुसले, पण कागद धरला नाही. वाकून पाहिलं. “आन् हे लाल?”

“तेल इथेही येऊ शकतं, असा त्याचा अर्थ.”

“हे कवाचं?”

“त्याच सकाळचं. तुमचा फोन आला त्याच्या आधीचं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. बाजूच्या बाईने “काय गो?” विचारलं, तिला ती “काय नाय” म्हणाली. मग खाली बसली, पाटीतला एक बांगडा उचलला, डोकं उडवलं, पोट साफ केलं, दुसरा घेतला. मी मागितले नव्हते. सहा बांगडे झाल्यावर तिने ते माझ्या मागच्या वेळी राहिलेल्या पिशवीत घातले. पिशवी धुऊन, घडी करून ठेवलेली होती.

“हा कागद पोराला दाखवा,” ती म्हणाली. “मी नाय आता तुमच्यावतीनं कोनाला काय सांगनार, साहेब.”

तिने ‘साहेब’ रागाने म्हटलं नाही. भाव सांगावा तसं म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली आणि कॉटन ग्रीन स्टेशनवरून चालत, गोदामांच्या मधल्या रस्त्याने कोळीवाड्यात गेलो. मावशीचा मुलगा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. दोघा म्हाताऱ्यांबरोबर बसून कुणाकडून तरी मागून आणलेलं जुनं जाळं शिवत होता. भिंतीला काळ्या जाळ्यांचा ढीग होता. उन्हाने तेल मऊ होऊन त्याचा ओघळ गटारापर्यंत गेला होता.

मी कागद उघडला आणि सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“म्हंजे ह्यो लाल तुमाला सकालीच दिसत व्हता?”

“हो.”

“मंग आईला का नाय सांगितला?”

“मला वाटलं, ऑफिसने एक सांगायचं आणि मी दुसरं...”

“तर काय झालं असता?”

“मला विचारलं असतं.”

“कोनी?”

“साहेबांनी.”

त्याने सुई जाळ्यात अडकवून ठेवली. “म्हंजे चार शब्द ऐकून घ्यायला लागू नयेत म्हनून.”

त्याहून नेमकं माझ्याबद्दल कुणी बोललेलं नाही.

एक म्हातारा म्हणाला, “जाली काडली असती आनि तेल आलं नसता, तं काय, एक दिस गेला असता आमचा. तसे कितीतरी जातात.” तो हे समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू मला या कामातलं पहिलं पाऊल शिकवत होता. ज्या विचाराला इंग्रजी नाव आहे म्हणून मी वर्गात फळ्यावर लिहीत आलो, तो त्याने तंबाखू मळता मळता सांगून टाकला.

मुलगा उठला. मला वाटलं, आता जा म्हणेल. तो म्हणाला, “खाडीत जाली अकरा घरांची व्हती. आई घरोघर जाऊन सांगून आली व्हती. तुमी पन तसंच सांगा. मी दारं दाखवतो.”

मी अकरा घरी गेलो. प्रत्येक दारात तेच सांगायचं होतं: मला माहीत होतं की येऊ शकतं, मी सांगितलं नाही, मावशीचा यात काही दोष नाही. पहिल्या दारात मी वारा आणि भरतीपासून सांगत बसलो. तिसऱ्या घरातल्या माणसाने पुरतं ऐकूनही घेतलं नाही, दार लावून घेतलं. पाचव्या घरातल्या बाईने आईवरून शिवी दिली आणि नंतर पाणी दिलं. एका घरात फक्त आजी होती, तिला ऐकू कमी यायचं, मला सगळं दोनदा मोठ्याने सांगावं लागलं, ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “जेवलास?” शेवटच्या दारापर्यंत माझं वाक्य लहान होत गेलं होतं. “मला दिसलं होतं आणि मी लपवलं.” त्या दिवशी फोनवरच असं एखादं लहान वाक्य आईला सांगितलं असतं तर या अकरा दारांत यायलाच लागलं नसतं, असं मुलगा म्हणाला. मी त्यालाही हो म्हणालो.

मंगळवारी मी साहेबांच्या टेबलावर लेखी टिपण ठेवलं: आढावा बैठकीत मी अर्धवट सांगितलं, नकाशात धोका दिसत होता, तो मी काढून टाकला. साहेबांनी दोनदा वाचलं.

“कशाला उकरतोस? विषय संपलाय. तुला शिक्षाच हवी असेल तर घरी जाऊन बायकोकडून घे.”

“तिने दिली, साहेब. तिनेच पाठवलंय.”

ते हसले नाहीत. टिपण फाईलला लागलं. मला एक मेमो मिळाला, त्यात ‘यापुढे काळजी घ्यावी’ असं होतं, आणि ते टिपण दडपलं की वर गेलं हे मला अजून माहीत नाही. पण तेव्हापासून मी लाल रंग बंद करत नाही, आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर लाल ठिपके असतात. गोवर म्हणणारे अजूनही म्हणतात. मी त्यांना सांगतो, बूम तुम्ही काळ्यावर घाला, लाल तुमच्यासाठी नाहीच आहे. ते तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. आणि कोळीवाड्यांच्या प्रमुखांना तो नकाशा त्याच वेळी जातो.

यानंतर मला स्वस्थता मिळाली असेल असं कुणाला वाटेल. उलट झालं. आधी मी एक जागा सांगून मोकळा व्हायचो. आता फोन वाजला की सात खाड्यांची माणसं डोळ्यांपुढे येतात.

यंदा पावसाळा संपल्यावर तसा एक फोन आला. लहान गळती, सकाळची वेळ. काळे ठिपके सरळ समुद्राकडे चालले होते. लाल ठिपक्यांतले थोडे, अगदी मोजके, मावशीच्या खाडीत. मी नकाशा पाठवला आणि मुलाला स्वतः फोन केला.

“येईल?” त्याने विचारलं.

“बहुतेक नाही. पण येऊ शकतं.”

“काढू?”

“मी असतो तर काढली असती.”

“तुमी असता तं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. आता तिथे नवी जाळी होती. त्यांनी ती सगळी काढली. मी दिवसभर खिडकीत. या वेळी वारा वेळेवर फिरला, अकराला कागद निजले. खाडीत तेलाचा थेंब आला नाही.

मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. मला भीतीच वाटली. अकरा घरांचा एक दिवस मी बुडवला होता, आणि ऐन सुगीच्या दिवसांत. पुढच्या वेळी ते माझं ऐकतील का?

रविवारी बाजारात गेलो. मावशी पाटीवर बर्फ घालत होती.

“काय देऊ, साहेब?”

“करंदी आहे का?”

“थोडी हाय.” तिने तराजू उचलला. वाटा बाजूला काढलेला नव्हता, समोरच्या ढिगातूनच घातलं. मग पिशवी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “फुकट गेला त्या दिवशी आमचा दिस.”

“हो, मावशी.”

“बाया बोलल्या मना परत.”

“काय बोलल्या?”

“बोलल्या, आला नाय तुज्या साहेबाचा तेल.” तिने गाठ मारली. “जाली सगली बांधावर घातली व्हती सुकत. दिसभर कडक ऊन. नवीनच हायेत ना, चांगली दिसत व्हती. एक डाग नाय.”

तिने पिशवी पुढे केली. मी घेतली. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मी बाजूला झालो.